अपील करणारा लोहार पळपुटा नव्हता

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, की १९१६ ला, पहिल्या महायुद्धात, ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती आली तेव्हा त्याविरुद्ध अपील करणारे सगळे पळपुटे होते, ओळखी लावून कायमचे सुटले, आणि म्हणे गावच्या एका लोहारावाचून काय अडणार होतं. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पळपुटे म्हणता, तर जून १९१६ संपेपर्यंतच भरतीतून सूट मागणारे साडेसात लाखाच्या आसपास अर्ज आले होते, आणि विवेकाला पटत नाही म्हणून लढायला नकार देणारे अख्ख्या युद्धात साधारण १६ हजार. मग बाकीचे कोण? बेकरीवाले, खाटीक, गाड्यांची चाकं करणारे सुतार, नालबंद, कुणाची म्हातारी आई तर कुणाचं एकट्याच्या जिवावर चालणारं दुकान. आणि ही पळवाट नव्हतीच, देशाला गरजेचं काम, घरची-धंद्याची अडचण, आजारपण ही कारणं कायद्यातच लिहिलेली होती.

लोहारावाचून काय अडतं हे तर फारच लागलं मला. आजोळी बैलाला पत्र्या मारताना बघितलंय मी, दोर टाकून बैल पाडायचा, पाय बांधायचे, एक खिळा तिरका गेला की जनावर आठवडाभर लंगडणार, ते काम कुणीही उठून करू शकत नाही हो. तिकडे नांगराला घोडे, त्यांचा खूर वाढतच असतो, सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून परत ठोकावा लागतो. त्यात १९१४ लाच सैन्याने लाखाच्या वर घोडे नेलेले, म्हणजे सगळी नांगरणी उरलेल्यांवर, आणि १९१७ ला जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या. अशा वेळी पंचक्रोशीतला एकुलता एक नालबंद उचलून नेला तर शेतं कोण नांगरणार?

ओळखीचं म्हणाल तर कुठे पक्षपात झालाही असेल, पण अर्जाच्या सुनावणीत समोर सैन्याचा स्वतःचा माणूस बसलेला असायचा, तो उलटतपासणी घ्यायचा आणि सूट मिळाली तर त्याविरुद्ध वर अपीलही करायचा.

कायमची सूट तर फार थोड्यांना. बहुतेकांना काही महिने, मुदत संपली की परत हजर व्हा, परत तीच घरची रडकथा चारचौघांत सांगा. १९१८ ला तर वयाची मर्यादा ५१ वर नेली.

आणि बहुतेक ठिकाणचे या अर्जांचे कागद १९२१ नंतर सरकारनेच नष्ट करायला लावले, नमुना म्हणून इंग्लंडमधल्या मिडलसेक्सचे आणि स्कॉटलंडमधल्या लोदियन-पीबल्सचे ठेवले. मग हे "सगळे पळपुटे" कुठल्या कागदात वाचलं, ते फॉरवर्ड करणाऱ्याने सांगावं.