दाढदुखीत घाई नको

गरम चहाने दाढेत कळ गेली आणि कप विसळून झाला तरी ठणका उरला, तर लगेच डेंटिस्टला फोन लावणं हे भित्र्या माणसाचं लक्षण. आपण बाजू बदलून चावावं. जबड्याला दोन बाजू दिल्यात त्या कशासाठी? थंड लागून क्षणात थांबणारी कळ वेगळी आणि गरम लागून बराच वेळ रेंगाळणारी वेगळी, दुसरीत आतली नस बहुधा सुधारण्यापलीकडे सुजलेली असते, असं डॉक्टर मंडळी सांगतात. सांगू देत. पहिल्या कळेला गेलं तर नुसतं सिमेंट भरून भागण्याचा धोका असतो.

रात्री आडवं पडलं की ठणका वाढेल. डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि दाताच्या कडक कवचात नसेला फुगायला जागा नसते. हीच वेळ घरगुती ज्ञान दाढेवर आजमावण्याची. लवंगेचं तेल लावा. पण त्यातलं युजेनॉल खरोखरच थोडं बधिर करतं आणि दंतवैद्यही ते वापरतात, त्यामुळे तेवढ्यावर थांबलात तर उपाय फारच शास्त्रीय होईल. ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी दाबून धरा. हिरडी भाजून पांढरी पडेल आणि नव्या दुखण्यात जुन्याचा विसर पडेल. शेजारच्या काकू मिश्री लावायला सांगतील, तीही लावा, काकूंचं मन कशाला मोडायचं?

तेवढ्याने भागलं नाही तर मेडिकलवाला आहेच. ‘दाढेची गोळी द्या’ एवढं म्हणायचं. तो पाच दिवसांचं अँटिबायोटिक देईल, आपण दोन दिवस घ्यायचं, उरलेलं पुढच्या दाढेला ठेवायचं. मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही, मग औषध तिथे पोचणार कसं, हे त्याने विचारलेलं नाही. आपणही विचारू नये.

आणि मग एके दिवशी चमत्कार होतो. दाढ दुखायची थांबते! गरम चहा प्या, थंड पाणी प्या, काही नाही. नस मेली, म्हणून ओरडणारं कोणी उरलं नाही, एवढाच त्याचा अर्थ; जंतू आता निवांतपणे मुळाच्या टोकातून हाडात उतरतायत. पण हा आनंदाचा दिवस आहे. डॉक्टरकडे जा, जा म्हणणाऱ्या प्रत्येकाला फोन करून कळवा.

(एक अपवाद. सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना अडायला लागलं, तर हा लेख टाकून तडक हॉस्पिटल गाठा. यात थट्टा नाही. श्वासनलिका दाबली जाऊन माणूस दगावू शकतो.)

साधा गाल सुजला आणि जाणं टळलंच नाही, तर निदान तयारीने जा. रात्री रूट कॅनलवरचे, म्हणजे दाढेतली नस काढून मुळांतल्या नळ्या साफ करून भरण्याच्या उपचारावरचे, व्हिडिओ बघा. या उपचाराने शरीरभर रोग पसरतात, हे त्यात ठासून सांगितलेलं असतं. अमेरिकेतल्या वेस्टन प्राइस या दंतवैद्याने १९२० च्या दशकात तसं मांडलं होतं. पुढच्या संशोधकांना त्याचे निष्कर्ष टिकाऊ वाटले नाहीत, पण तोवर कित्येकांचे चांगले दात उपटून झाले होते. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हेही ऐकवा, जरी डोळ्याच्या नसेचा दाढेशी संबंध नसला तरी.

खुर्चीत बसल्यावर खर्चावरून हुज्जत घाला. एक दाढ म्हणता आणि चार नळ्यांची भाषा करता? वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं तीन असली तरी नळ्या बहुतेकदा चार निघतात, आणि ती चौथी इतकी बारीक असते की तीच सुटली तर सगळं काम पुन्हा करावं लागतं. आपल्याला काय त्याचं? आपण तीन नळ्यांचे पैसे देऊ म्हणावं. साफ केलेल्या नळ्यांत गटापर्चा भरतात, म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या टेलिग्राफच्या तारेवर याचंच आवरण होतं. ती तार काही आठवड्यांत बंद पडली, हा मुद्दा हाताशी ठेवा.

भुलीच्या इंजेक्शनानंतर फारसं दुखत नाही, ही मोठी निराशा असते. बाहेर येऊन ती कोणाला सांगू नका. पहिल्या सिटिंगला दाढ शांत झाली की पुढची तारीख बेलाशक चुकवा. वर लावलेलं सिमेंट तात्पुरतं असतं, ते झिजलं की लाळेबरोबर जंतू परत आत शिरतात. पण दुखत नाही ना? मग झालं तर.

चुकून उपचार पुरा झालाच, तर कॅपवर पैसे वाचवा. पोखरलेली, कोरलेली दाढ म्हणजे आतल्या भिंती पाडून नुसता दर्शनी भाग उभा ठेवलेला वाडा, आणि तुम्ही त्यावर सुपारी फोडा, लोणावळ्याची चिक्की खा, मटणाची नळी चावा. दाढ उभी चिरली की बहुतेकदा उपटण्याखेरीज इलाज उरत नाही. मग इम्प्लांटचा, म्हणजे हाडात रोवायच्या नकली दाताचा, आकडा ऐका. कॅप स्वस्त होती, हे तेव्हा कळेल.

आता तुम्ही अनुभवी झालात. लग्नाच्या पंगतीत कोणी गाल धरून बसलेला दिसला की त्याच्याजवळ सरका आणि सांगा, ‘रूट कॅनल? मी केलं होतं, काही उपयोग नाही, दाढ गेलीच शेवटी.’ कॅप बसवली नव्हती, हा तपशील वगळा. जिलबी गरम आहे तोवर खाऊन घ्यायची असते.