३०० मागितली, ३०८ का पुढे केली: दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

दोनच तारे दिलेत, पण तक्रार मुद्द्यांसकट लिहिलीत आणि निशाण्याच्या कागदाचा फोटोही टाकलात, त्यामुळे नीट उत्तर देता येतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या एल्क (मोठं हरीण) शिकारीच्या सीझनसाठी ३०० विंचेस्टर मॅग्नम (जास्त ताकदीच्या काडतुसाची रायफल, थोडक्यात ३०० विन मॅग) हवी होती, आम्ही त्याहून सौम्य ३०८ गळ्यात मारली. वर व्हिसाची कागदपत्रं आणि शिकारीचा परवाना मागितला. आणि बोअर साइट (नळी आणि वरची दुर्बीण म्हणजे स्कोप यांची ढोबळ जुळणी) करून दिलेली रायफल १०० यार्डांवर ७ इंच डावीकडे मारते. शिवाय "आपल्या माणसाला झेपणार नाही असं धरूनच चालले" असंही लिहिलंत.

शेवटचं आधी घेतो. कोलोरॅडोत जन्मलेला सहा फुटी गडी पहिली रायफल घ्यायला आला, तरी त्याच्यापुढेही आम्ही ३०८, ७ एमएम-०८ नाहीतर ६.५ क्रीडमूर अशा सौम्य काडतुसांच्या रायफलीच ठेवतो. कारण धक्का, म्हणजे गोळी सुटताना रायफल मागे खांद्यावर आदळते तो. स्कोपसकट ८ पौंडांच्या रायफलीत ३०८ चा धक्का साधारण १५ ते १७ फूट-पौंड (ऊर्जेचं माप), दोन्हींच्या मधल्या ३०-०६ चा २० च्या आसपास, ३०० विन मॅगचा २५ च्या वर. तुम्ही पसंत केलेली ३०० तर हलकी 'माउंटन' रायफल, स्कोप धरून जेमतेम ७ पौंड. तिच्यात हा आकडा ३० च्या पुढे जातो. खांदा दुखतो तो दोन दिवसांत बरा होतो, त्याचं काही नाही. पण चाप ओढायच्या आधीच डोळा मिटायला लागतो, खांदा पुढे ढकलला जातो, आणि ही खोड एकदा लागली की सुटायला महिने जातात. नळीच्या टोकाला मझल ब्रेक हा भोकांचा तुकडा लावला की धक्का कमी होतो हे खरं, पण आवाज मागे कानावर येतो, आणि जनावर समोर आल्यावर कानात बोळे घालायची आठवण कोणाला राहते? शेजारचा गाईड तर हातच जोडतो.

आता ताकदीचं. एल्कसाठी कोलोरॅडोचा नियम किमान ६ मिलिमीटर कॅलिबर, ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा असा आहे. ३०८ ची १६५ ग्रेनची गोळी तिथे याच्या दुपटीहून जास्त देते. दोन्ही रायफली २०० यार्डांवर शून्य (झिरो) केल्या, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेम धरल्या जागीच लागेल अशा जुळवल्या, तर ३०० यार्डांवर ३०८ ची गोळी सुमारे साडेआठ इंच खाली लागते, ३०० विन मॅगची सुमारे सात. एल्कच्या काळीज-फुप्फुसाचा भाग फुटाहून उंच असतो. म्हणजे दीड-दोन इंचांच्या फरकासाठी एवढा धक्का आणि त्यात महागडी काडतुसं, म्हणून सरावही कमी. उघड्या माळावर ४०० यार्डांपलीकडे शांतपणे गोळी टाकता येणाऱ्याला ३०० चा खरा उपयोग आहे. पहिल्या सीझनला एवढ्या लांबून कोणीच मारू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. पहिल्या तीन गोळ्या दीड इंचात आहेत, म्हणजे रायफल आणि स्कोप दोन्ही ठीक आहेत. पुढच्या मात्र खाली पसरत गेल्यात. नळी तापली असेल किंवा तुम्ही दचकायला लागला असाल. ओळखायचं कसं? तीन गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी दहा मिनिटं गार होऊ द्या. मग मित्राला तुमच्या नकळत खरी आणि डमी (दारू नसलेली) काडतुसं मिसळून भरायला सांगा. डमीवर चाप ओढताना नळीचं टोक हललं, तर दोष तुमच्या हातात आहे. ३०८ वर हे होत असेल, तर ३०० वर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

राहिले ७ इंच. बोअर साइट म्हणजे झिरो नव्हे, हे पावतीवरही छापलेलं आहे. त्यात नळी आणि स्कोप एका रेषेत आणतात, गोळी कागदावर पडावी एवढ्यापुरतं. पुढचं तुमच्याच काडतुसांनी करायचं असतं. आधी २५ यार्डांवर मध्यावर आणा, मग १०० वर जा. तुमच्या स्कोपचा एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच, म्हणजे उजवीकडे २८ क्लिक. २५ यार्डांवर तेवढ्याच अंतरासाठी चौपट लागतात, इथे बरेच जण फसतात. शेवटी १०० वर गोळी मध्याच्या दोन इंच वर लागली, की २०० ला बरोबर बसते. काडतुसांचा ब्रँड किंवा गोळीचं वजन बदललं, तर सगळं पुन्हा.

कागदपत्रांचं: बंदूक खरेदीचा संघराज्याचा फॉर्म ४४७३ प्रत्येकाला भरावाच लागतो. तुम्ही एच-१बी वर आहात असं स्वतःच लिहिलंय. संघराज्याच्या कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. त्यातून सुटायची नेहमीची वाट म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. मागितला नसता तर तुम्हीही अडचणीत आला असता. ग्रीन कार्ड होईपर्यंत तो परवाना संपू देऊ नका, कारण अट फक्त विकत घेण्याची नाही, घरात ठेवण्याचीही आहे. बंदूक हातात मिळायला तीन दिवस थांबायचा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून कोलोरॅडो राज्याचाच आहे.

६-२४×५० (६ ते २४ पट मोठं दाखवणाऱ्या) स्कोपऐवजी ३-९×४० (३ ते ९ पट) स्कोप दिला, कारण दाट झाडीत ६० यार्डांवर एल्क आला की सहाच्या खाली न उतरणाऱ्या स्कोपमध्ये नुसते केस दिसतात.

रायफल, उरलेली काडतुसं आणि तो कागद घेऊन या, रेंजवर झिरो करून देऊ, पैसे नाहीत. आमची भाड्याची ३०० विन मॅगही तिथेच दहा गोळ्या मारून बघा. त्यानंतरही डमीवर नळी स्थिर राहिली आणि तुम्हाला तीच हवी असली, तर ३०८ परत घेऊ. मात्र नवा फॉर्म आणि पुन्हा तीन दिवस थांबणं आलंच.