गोव्यातल्या ब्रंचला पोई कुठाय?

दक्षिण गोव्यात साष्टीतलं पोर्तुगीज काळातलं घर, आता गेस्टहाऊस झालेलं, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, पुढे बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, आख्खं कुटुंब रविवारी हौसेने जातं आणि ब्रंचला काय तर पॅनकेक, बेक्ड बीन्स अन् पाकिटातला ज्यूस! अरे पोई, आपला गोव्याचा पाव, कुठाय? पदेर, म्हणजे पाववाला, रोज सकाळी सायकलवरून भोंपू वाजवत दारावरून जातो ना, मग त्याच्याकडून घ्यायला काय होतं? पातळ भाजी नाही, इडलीसारख्या सान्ना नाहीत, सात थरांची गोड बिबिंका मागितली तर म्हणे आदल्या दिवशी सांगायचं. दरवेळी हेच, गेस्टहाऊस बदललं तरी हेच! वर आजी बाल्कांवातल्या सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, टेकली तर तिला उठवतात, का तर फोटोशूट आहे. अहो, ते बसायलाच बांधलंय ना? हेरिटेजचे पैसे घेता, मग गोव्याचं जेवण द्या की!