मराठी आख्याने का वगळली?

ज्यू समाजातील लेखकांच्या भेटीच्या कार्यक्रमांवरील एका लेखात ‘बेने इस्रायलींचे (महाराष्ट्रातील मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे) साहित्य प्रामुख्याने इंग्रजीतच आहे’ असे जे म्हटले आहे, ते मला मान्य नाही. याच समाजातील इंग्रजी कवी निसिम इझिकेल यांना १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला हे खरे. परंतु १८८०च्या सुमारास याच समाजाने कीर्तनाचा बाज स्वीकारून बायबलमधील आख्याने मराठीत रचली आणि इस्रायलमध्ये गेल्यावरही ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले, याचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकते.

आमच्या सोलापुरातील एका पुस्तकचर्चेनंतर एका बेने इस्रायली आजींनी शिवण उसवलेली वही काढून योसेफाच्या आख्यानातील साकी (एक पद्यप्रकार) चालीवर म्हटली, तेव्हा स्वाक्षरीच्या रांगेतली माणसे पुन्हा खुर्च्यांवर येऊन बसली. लेखक-भेटीच्या कार्यक्रमांत अशा आख्यानांच्या वह्यांसाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा आणि त्याचे ध्वनिमुद्रणही करावे.