‘ध’चा ‘मा’ आणि आमची वहिनी

‘राजदरबारातली दडवलेली पाच सत्यं’ हा मेसेज गेल्या आठवड्यात आत्यानं घरच्या ग्रुपवर टाकला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इतिहासकार कोरडे आणि लपवाछपवी करणारे, दरबारातली प्रेमं आणि कारस्थानं खरी कळतात ती ऐतिहासिक कादंबऱ्यांतूनच, आणि त्या वाचल्या की समजतं, मोठमोठी राज्यं बायकांनी बुडवली. मी गप्पच बसले होते. पण दोन दिवसांनी घरात वाटणीचं बोलणं चाललं असताना वहिनीनं सही करण्याआधी कागद वाचायला मागितला, तर काका म्हणाले, “आली आमची आनंदीबाई!” सगळे हसले. वहिनी उठून आत गेली. म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजमधला चौथा मुद्दा आधी घेते. ‘आनंदीबाईनं ‘ध’चा ‘मा’ केला आणि नारायणराव पेशव्यांचा जीव घेतला, हे सिद्ध झालेलं सत्य आहे.’ आनंदीबाई म्हणजे नारायणरावांचे काका राघोबादादा यांची बायको. कुठे सिद्ध झालं? ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारदी, म्हणजे पगारी शिपाई, घुसले आणि १८ वर्षांच्या नारायणरावांना त्यांनी कापून काढलं. पोरगा जीव वाचवायला काकाकडे धावला, राघोबादादांना बिलगला. तिथून त्याला तुळाजी पवारानं ओढलं. धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून देणारा चापाजी टिळेकरही मेला. यानंतर पेशवाईची वस्त्रं कुणाला मिळाली? राघोबादादांना. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून देहान्त प्रायश्चित्त कुणाला सांगितलं? राघोबादादांनाच.

मग आनंदीबाई आली कुठून? ‘धरावे’चं ‘मारावे’ झाल्याची गोष्ट छापील इतिहासात ठळकपणे दिसते ती ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मराठ्यांच्या इतिहासात. हा ग्रंथ १८२६ सालचा, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी लिहिलेला. आणि डफ लिहितो काय? राघोबादादांनी गारद्यांना दिलेला हुकमाचा कागद रामशास्त्र्यांना सापडला, त्यात शब्द बदललेला होता, आणि तो बदल आनंदीबाईनं केला अशी सार्वत्रिक समजूत आहे. समजूत! तिला खोडाखोड करताना पाहिलेला साक्षीदार नाही, तिचा कबुलीजबाब नाही. आनंदीबाईला हा डफ दुष्ट म्हणतो, तिच्याबद्दल त्याला काडीचीही माया नाही, आणि तरीही तो पुढे सांगतो की यामुळे राघोबादादा सुटत नाहीत, कारण डोळ्यांसमोर पुतण्या मारला जात असताना त्यांनी जीव धोक्यात घालून त्याला वाचवलं नाही. हे पुढचं वाक्य कादंबऱ्यांनी गाळलं आणि मेसेजनंही गाळलं.

कादंबरीकाराला रात्रीचा दिवा, बोरू, बांगड्यांचा आवाज असा प्रसंग रचायचा हक्क आहे. मलाही असे प्रसंग वाचायला आवडतात. पण तो प्रसंग वाचून आपण पुरावा पाहिल्यासारखे बोलायला लागतो. सही राघोबादादांची, गारदी त्यांचे, गादी त्यांना, आणि शिवी मात्र अडीचशे वर्षं आनंदीबाईला. परवा तीच शिवी आमच्या वहिनीला बसली, तीही कागद बदलला म्हणून नव्हे, वाचायला मागितला म्हणून.

बाकीचे मुद्दे भराभर. अकबरानं अनारकलीला भिंतीत चिणलं: अकबराचा मुलगा जहांगीरनं आत्मचरित्र लिहिलं, त्यात अनारकलीचं नाव नाही. लाहोरला तिच्या नावाची कबर आहे आणि विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ऐकलेली हकीकत नोंदवली, एवढंच. अकबराची जोधाबाई: अंबरच्या भारमल राजाच्या मुलीशी त्याचं १५६२ साली लग्न झालं हे खरं, पण ‘अकबरनाम्या’त तिचं नाव जोधाबाई असं नाही. मस्तानी इतकी नितळ की विड्याचा रस गळ्यातून उतरताना दिसायचा: यावर मी काही लिहिणार नाही, आरशासमोर विडा खाऊन बघा.

मस्तानीबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. मेसेज म्हणतो, बाजीरावांचं तिच्यावर खरं प्रेम होतं आणि घरच्यांनी तिचा छळ केला. यात तथ्य आहे. १७४० साली बाजीराव मोहिमेवर असताना तिला पुण्यात कैदेत ठेवलं होतं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये रावेरखेडीला बाजीराव वारले त्यानंतर थोड्याच दिवसांत तीही वारली. कादंबऱ्यांनी ही बाई लोकांच्या लक्षात ठेवली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण मेसेज तिलाही ‘राज्य बुडवणारी’ म्हणतो. तिचा मुलगा समशेरबहाद्दर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि त्या जखमांनी गेला. यात बुडवलं कुणी आणि काय?

काल आत्याकडे जाऊन डफचा तो मजकूर तिला मराठीत समजावून सांगितला. तिनं दोनदा विचारलं, “म्हणजे तिनं केल्याचं कुणी पाहिलंच नाही?” मी नाही म्हटलं. मग जरा वेळानं म्हणाली, “आणि राघोबाला पुढे शिक्षा काय झाली गं?”

झाली नाही. प्रायश्चित्त त्यांनी घेतलं नाही, रामशास्त्री पुणं सोडून गेले, आणि राघोबादादा त्यानंतर दहा वर्षं जगले. आत्यानं हे ऐकून फोन उचलला आणि काकांना लावला.