हार्मोनचं नोबेल आणि मावशीची शुक्रवारची गोळी

माझ्या मावशीने रुमॅटॉइड आर्थरायटिस या सांधे सुजवणाऱ्या आजारावरची आठवड्याची गोळी, मेथोट्रेक्सेट, तीन शुक्रवार घेतलीच नाही. परवा सहज डोकावलो तर काका कुकरच्या झाकणाशी झटत होते आणि मावशी बांगड्या काढून बसलेली, मनगट सुजलंय म्हणून. गोळ्यांचं पाकीट चहाच्या डब्यामागे तसंच. का गं बंद केलीस, तर म्हणाली हे वाच, आणि मोबाईल पुढे केला. महिला मंडळाच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड. त्याचं म्हणणं असं: रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणजे बायकांच्या हार्मोनचा आजार, पाळी गेली की इस्ट्रोजेन संपतं आणि सांधे धरतात, हार्मोन देऊन हा आजार बरा होतो या शोधाला १९५० साली नोबेल मिळालं पण औषध कंपन्यांनी ते दाबलं, मेथोट्रेक्सेट ही कॅन्सरची केमो, आजच बंद करा, शतावरी, जवस आणि सोयाबीन खा, तीन महिन्यांत आरए फॅक्टर (या आजारासाठी करतात ती रक्ताची टेस्ट) निगेटिव्ह. खाली हार्मोन टेस्टच्या पॅकेजसाठी फोन नंबर, तो असणारच.

आधी नोबेलचं बघू, कारण मावशी तिथेच भुलली. नोबेल खरंच मिळालं होतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते, त्यांना दिसलं की गरोदरपणात या आजाराच्या बऱ्याच बायकांचे सांधे मोकळे होतात. इथवर ऐकलं की कोणीही म्हणेल झालं, बायकांचं हार्मोन! पण कावीळ झालेल्या पेशंटचेही सांधे मोकळे होत होते आणि त्यात पुरुषही होते, म्हणून हेंच यांनीच निष्कर्ष काढला की ही करामत बायकांच्या हार्मोनची नसावी, बायका-पुरुष दोघांत असणारं काहीतरी वेगळं आहे. शेवटी १९४८ मध्ये त्यांनी जे देऊन बघितलं ते कॉर्टिसोन, किडनीवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीतलं, आणि नोबेल त्याचं, केंडाल आणि राइखस्टाइन या रसायनशास्त्रज्ञांसोबत. म्हणजे फॉरवर्डवाल्याने ज्या माणसाचा दाखला दिलाय त्यानेच याचा मुद्दा खोडलेला. आणि दाबलं म्हणे! मावशीच्या फाइलीत पहिल्याच पानावर प्रेडनिसोलोन लिहिलंय, ते त्याच घराण्यातलं. फक्त त्याने आजार मुळातून जात नाही, आणि खूप दिवस घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते, म्हणून डॉक्टर ते जपून देतात.

आता जे थोडं खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजाने. हा आजार बायकांना पुरुषांच्या दुपटी-तिपटीने होतो. गरोदरपणात अनेकींना आराम पडतो आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत तो उलटून येतो. पाळी जाताना नुसती सांधेदुखीही पुष्कळ बायकांना होते, पण त्यात या आजारासारखे बोटांचे सांधे दोन्ही हातांना सारखे सुजत नाहीत आणि सकाळी तासभर मूठ वळत नाही असंही सहसा होत नाही. म्हणजे हार्मोनचा हात आहे, पण म्हणून बाहेरून इस्ट्रोजेन भरलं की काम झालं असं नाही. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात पाळी गेलेल्या २७ हजारांवर बायकांना हार्मोन किंवा खोटी गोळी देऊन बघितलं, तेव्हा या आजाराचं प्रमाण किंवा त्रास यात ठोस फरक दिसला नाही. मग ते टेस्टचं पॅकेज कशाला? पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमीच येणार, मावशीचंही आणि धडधाकट शेजारणीचंही.

मेथोट्रेक्सेटवरून मात्र माझं डोकंच फिरलं. हो, कॅन्सरमध्ये वापरतात, पण तिथे डोस कितीतरी मोठा असतो, इथे मावशीला आठवड्यातून एकदा १५ मिलिग्राम, बरोबर फोलिक अॅसिड. गोळी निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाहीये, लिव्हर आणि रक्ताच्या टेस्ट कराव्याच लागतात, गरोदरपणात अजिबात चालत नाही, आणि आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. पण जी भीती घालायला हवी ती त्या फॉरवर्डमध्ये नाहीच. तो म्हणतो बंद करा. बंद केल्यावर आजार आत सांध्याचं हाड कुरतडत राहतो, आणि एकदा वाकडं झालेलं बोट शतावरीने सरळ होत नाही. तीन महिने हार्मोन "बॅलन्स" होण्याची वाट बघायची ती कोणाच्या बोटांवर?

आरए फॅक्टर निगेटिव्हचं तर सोडाच, काही पेशंटचा तो पहिल्यापासून निगेटिव्हच असतो आणि तरी सांधे सुजतात. सोयाबीन खा, जवसाची चटणी तर मलाही आवडते, पण गोळीच्या जागी नाही.

मावशीने काल डॉक्टरांना फोन केला. आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची, आणि लिव्हरची टेस्ट करून या म्हणाले, मग बघू. ओरडले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. कुकरचं झाकण अजून काकाच काढतायत.