अंबाझरीत बास सोडायच्या आधी

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरून राहिलं आहे. माझ्याकडे ते चार ग्रुपांतून आलं, त्यातला एक तर सोसायटीच्या टँकरचा ग्रुप. मजकूर थोडक्यात असा: फ्लाय फिशिंग हा थंड पाण्यातल्या ट्राउटचा खेळ, नागपूरच्या तलावांत त्यासाठी मासाच नाही. पण अमेरिकेतला बास नावाचा मासा उष्णता सोसतो, शिवाय तो आपल्या जिताड्याचाच भाऊ. तेव्हा अंबाझरी-गोरेवाड्यात बासचं बीज सोडा, पर्यटक येतील. मासा पकडून परत सोडायचा असल्यानं तलावाचं काहीच बिघडणार नाही.

यातलं एकच खरं आहे. बासला कोमट पाणी चालतं.

पहिला मुद्दा थंड पाण्याचा. फ्लाय हे मासेमारीच्या पद्धतीचं नाव आहे, ती कोणत्याही एका माशाला बांधलेली नाही. आपल्या नेहमीच्या गळात वजन शिशाचं असतं आणि ते दोर ओढत नेतं. फ्लाय म्हणजे पिसं, केस आणि धागा गुंडाळलेला हुक, त्याला वजनच नाही. इथे वजन दोरात असतं. ८ नंबरच्या दोराचे (नंबर दोराच्या वजनाचा) पहिले ३० फूट भरतात सुमारे साडेतेरा ग्रॅम, आणि फेकायचे असतात तेच. मी हे घराजवळच्या मैदानावर शिकलो. दोर मागे पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढे हात मारला की तो चाबकासारखा वाजतो आणि कानाला लागतो. तिसऱ्या दिवशी क्रिकेटवाल्या पोरांनी विचारलंच, "काका, तुमची पतंग कुठं गेली?"

अमेरिकेत बाससाठी हीच पद्धत वापरतात, फक्त हुकावर नाजूक माशीऐवजी कॉर्कचा किंवा हरणाच्या केसांचा जाडजूड बेडूक असतो. तो कमळाच्या पानांच्या कडेला टाकायचा आणि पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत हलवायचा नाही. मग दोराला एक बारीक हिसका द्यायचा, "पॉप". पुन्हा थांबायचं. हे थांबणंच कोणाला जमत नाही, मला तर नाहीच.

आता सांगा, पानांच्या आडोशाला दबा धरणारा, बेडकावर झेपावणारा मासा आपल्याकडे नाही का? मरळ काय करतो मग? तो हवेत श्वास घेतो. वर येऊ दिलं नाही तर पाण्यात असूनही गुदमरतो. सकाळी काठावर शांत बसलं तर गवताच्या कडेला "गप्" असा आवाज येतो, एक बुडबुडा राहतो, आणि मासा कुठे आहे ते कळतं. ज्या तलावांत जलपर्णी माजते, सांडपाणी येतं आणि मे महिन्यात पाण्यातला ऑक्सिजन घटतो, तिथे मरळ तग धरतो. बासला तेवढ्या खराब पाण्यात जगता येत नाही. म्हणजे ज्या गुणावर फॉरवर्डनं बासची शिफारस केली, त्यात आपला मरळ त्याच्या दोन पावलं पुढेच आहे.

जिताड्याचं एका वाक्यात संपवतो. जिताडा खाडीचा मासा, अमेरिकेचा बास गोड्या पाण्यातल्या वेगळ्याच कुळातला. हॉटेलच्या मेनूत दोघांना "बास" म्हटल्यानं नातं जुळत नाही.

खरा घोळ आहे तो "काहीच बिघडणार नाही" यात. ग्वाटेमालात अतितलान नावाचं मोठं सरोवर आहे. १९५८ च्या सुमारास तिथे पर्यटकांना मासेमारी करता यावी म्हणून बास सोडला. त्या सरोवरात एक न उडणारा पाणपक्षी होता, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला. बासनं तिथले खेकडे आणि बारीक मासे फस्त केले, त्या पक्ष्याची पिल्लंही गिळली. पुढे लव्हाळे तोडले गेले, १९७६ च्या भूकंपानंतर पाणी उतरलं, म्हणजे सगळा दोष एकट्या बासवर टाकता येत नाही. पण १९९० च्या आसपास तो पक्षी संपला. जपाननं तर २००५ पासून कायद्यानं बास सोडायला बंदी घातली. ही दोन्ही ठिकाणं "पर्यटक येतील" या वाक्याच्या पुढचं सांगतात. आणि पकडून सोडलेला बास पुन्हा पाण्यातच जातो ना भाऊ, उपवास करायला नाही. आपल्याकडे थाई मांगूर हा परका मासा पाळायला बंदी आहे, तरी तो ओढ्या-नाल्यांत पसरायचा थांबला नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यातही आक्रमक परक्या जातींवर नियंत्रणाची तरतूद आहे. बाहेरचं बीज गुपचूप बादलीनं ओतणं हा छंद नव्हे.

मी स्वतः मरळसाठी फ्लाय वापरून पाहिला आहे, ओळखीच्यांच्या शेततळ्यावर, त्यांना विचारून. दोनदा मासा बेडकावर आला, दोनदा मी सवयीनं काठी वर उचलली आणि बेडूक त्याच्या तोंडातून सुटला. काठी उचलणं ट्राउटला चालतं. बास काय आणि मरळ काय, यांच्यासाठी काठी पाण्याकडे ठेवून हातानं दोर ओढायचा असतो. बाजूला बसलेले ढिवरकाका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "गरीले वजन नाही, गांडूळ नाही, अन् मासा येऊनही तुम्ही सोडून राहिले. मग टाकता कशाले?"

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांनी एवढं बघा: बऱ्याच तलावांत मासेमारीचा हक्क मच्छीमार संस्थांकडे असतो, आधी त्यांना विचारा. तोतलाडोहचा विचार सोडा, तो व्याघ्र प्रकल्पात आहे. आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसला तर तिथे हुक टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि त्या दिवसांत ते कशावरही झेप घेतात.